साठ तास आणि एक जिल्हा

एस.वाय.ला, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, मी ‘महाराष्ट्राचा भूगोल’ शिकवते. पेपर चार क्रेडिटचा. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे कागदावर ६० तास. तेवढ्यात कोकणपट्टीपासून गडचिरोलीपर्यंतची जमीन, नद्या, पाऊस, माती, पिकं, धरणं, कारखाने, लोकसंख्या आणि स्थलांतर बसवायचं. छापील अभ्यासक्रमात चार युनिट असतात आणि प्रत्येकासमोर तासांचा आकडा. तो बघून वाटतं, वाटणी तर झालेलीच आहे, आता वर्गावर जायचं आणि शिकवायचं. माझी मात्र या कोर्सवरची बहुतेक मेहनत इथेच होते, मे महिन्यात, वर्ग रिकामे असताना.

आधी कॅलेंडर घेऊन बसते. ६० पैकी हातात किती तास येणार, हे प्रामाणिकपणे मोजावं लागतं. पहिल्या वर्षाचे निकाल रेंगाळले की जुलैचे सुरुवातीचे दिवस वर्ग अर्धाच भरतो. मग पंधरा ऑगस्ट, राखी, गणपती, युवा महोत्सव, इंटर्नल, निवडणूक असेल तर ड्युटी, आणि दिवाळीच्या तोंडावर विद्यापीठाची परीक्षा. आमच्या सातारा जिल्ह्यात आणखी एक भर असते. अतिवृष्टीचा इशारा आला की महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर होते, आणि सुट्टी नसली तरी त्या भागातली एस.टी. घाटात अडकते, मुलं पोचतच नाहीत. सगळं वजा केलं की ४५च्या आसपास तास उरतात. ४५ तासांत ६० तासांचं बोलून टाकणं अवघड नाही. स्लाइड भराभर पुढे सरकवल्या की सिलॅबस ‘कव्हर’ होतो आणि डायरीत सह्या होतात. पण त्या वेगानं काय मागे उरतं, ते टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला दिसतं. मुलाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ (डोंगरामागचा कमी पावसाचा भाग) ही टीप पाठ असते, आणि त्याचं स्वतःचं गाव त्या प्रदेशात आहे की नाही हे विचारलं तर तो शेजारच्याकडे बघतो.

म्हणून मी तयारीची सुरुवात शेवटच्या टोकाकडून करते. ऑक्टोबरमध्ये या मुलांना काय करता यायला हवं, तो प्रश्न आधी लिहून काढते. टीप लिहिता यावी एवढं मला पुरत नाही. अनोळखी तालुक्याचा नकाशा, त्याचे पावसाचे आणि पिकांचे आकडे पुढे ठेवले, तर तिथली माणसं कशी जगत असतील आणि का, हे त्या मुलानं कारणांसकट सांगावं, एवढं मला हवं असतं. हल्ली नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, ‘कोर्स आउटकम’चे तक्ते भरावे लागतात. त्यांच्यावर पुष्कळ वैताग निघतो, पण तो तक्ता मे महिन्यात, खरोखर विचार करून भरला तर कामाचा आहे असं मला वाटतं. ‘विद्यार्थ्यांना हवामानाचं ज्ञान होईल’ या वाक्यावरून एकही तास आखता येत नाही. ‘विद्यार्थी दोन ठिकाणांच्या पावसातल्या फरकाची कारणं नकाशावरून दाखवील’ असं लिहिलं की नकाशा लागणार, आकडे लागणार आणि मुलांच्या हातात पेन्सिल लागणार, हे लगेच कळतं.

मग प्रश्न येतो, सुरुवात कुठून करायची. याचं उत्तर मला एका मुलीनं दिलं. ती जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कोरड्या माण तालुक्यातली होती. प्रतिरोध पाऊस, म्हणजे डोंगराला अडून पडणारा पाऊस, शिकवून झाला होता, फळ्यावर डोंगराची आकृती होती, बाण होते. ती म्हणाली, “पर मॅडम, ढग तर आमच्या वरनंच जात्यात की. रोज बघतो आम्ही. पडत न्हाईत.” मागच्या बाकावरचा जावळीचा मुलगा लगेच म्हणाला, “आमच्यात या, मग बघा. जुलैत चुलीपुढचं सरपन वाळत नाय.” वर्ग हसला, पण मुलीचा प्रश्न तसाच राहिला. आकृतीत डोंगराच्या पलीकडे ढगच नसतात. तिच्या डोक्यावर ते असतात. मग पडत का नाहीत?

त्या प्रश्नाभोवती मी पुढे सगळा कोर्स नव्यानं बांधला, कारण सातारा जिल्हा यासाठी जणू आयताच मिळालेला आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पाचगणीला येईतो तो निम्म्याच्याही खाली उतरतो, पसरणीचा घाट उतरून वाईला पोचलं की हजाराच्या आत येतो, आणि माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर घुटमळतो. महाबळेश्वर ते माणमधलं दहिवडी हे अंतर सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटर. माझ्या वर्गात या सगळ्या पट्ट्यातली मुलं एकाच बाकावर बसतात. एकाच्या घरी भात आणि नाचणी, दुसऱ्याकडे आलं आणि वाघ्या घेवडा, तिसऱ्याकडे बाजरी, मटकी, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. पहिल्या तासाला मी एवढंच विचारते: तुमच्याकडे काय पिकतं, आणि विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं? उत्तरं फळ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे अशा क्रमानं लिहीत जायची. तास संपेपर्यंत फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा तयार होतो, तोही मुलांनीच सांगितलेल्या माहितीतून.

क्रमाचं पुढे सांगते. छापील अभ्यासक्रमात आधी भूरचना, मग नद्या, मग हवामान. मी हवामान जुलैतच काढते, कारण तेव्हा ते खिडकीबाहेर चालू असतं. मुलांच्या जोड्या करते, एक पश्चिमेकडचा, एक पूर्वेकडचा. प्रत्येक जोडीनं आपापल्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस वहीत उतरवायचा. कृषी खात्याच्या ‘महारेन’वर तो मिळतो, त्यासाठी मोबाइल पुरतो. हवामान खात्याच्या हिशेबात दिवस सकाळी साडेआठला बदलतो आणि अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात, हे तेव्हाच सांगून टाकायचं. ही नोंद मला ऑक्टोबरपर्यंत चालवावी लागते, आणि त्यामागे कारण आहे. पश्चिमेकडचा पाऊस जुलैत शिगेला पोचतो. माण-खटावचा भरवशाचा महिना मात्र सप्टेंबर. परतीच्या वाटेवरचा पाऊस तिथे मेघगर्जनेसह पडतो आणि त्याच ओलीवर शाळू पेरतात. जुलैच्या अखेरीला जावळीच्या मुलाची वही भरलेली आणि माणच्या मुलीची जवळजवळ कोरी असते. गणपतीनंतर चित्र पालटायला लागतं. मुलांना ते स्वतःच्या अक्षरातल्या आकड्यांत दिसतं. हा बदल मी आधी सांगून टाकत नाही. तो दिसण्यासाठी लागणारे आठवडे वेळापत्रकात राखून ठेवायचे, एवढंच माझं काम.

भूरचना मी छेद काढून, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखी आकृती काढून शिकवते. यासाठी प्रॅक्टिकलचे तास मागून घेते. पोलादपूरपासून महाबळेश्वरवरून दहिवडीपर्यंत नकाशावर एक सरळ रेष ओढायची. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, ही रेष सहा-सात शीटांवरून जाते, म्हणून एकेका गटाला एकेक शीट. कागदाची पट्टी रेषेवर ठेवायची, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) जिथे जिथे पट्टीला येऊन भिडते तिथे खूण करायची, खुणेशेजारी उंची लिहायची, मग ती पट्टी आलेखाच्या तळाशी लावून प्रत्येक खूण तिच्या उंचीपर्यंत वर न्यायची. या नकाशात समोच्च रेषा दर २० मीटरला असते. आंबेनळी घाटाशी आलं की रेषा एकमेकींत इतक्या मिसळतात की पेन्सिलीचं टोक त्यांच्यात शिरत नाही, आणि मग दर १०० मीटरची जाड रेषच धरावी लागते. ज्या गटाला ती शीट येते तो गट सगळ्यांत जास्त कुरकुरतो. कृष्णाकाठच्या गटाचं काम झटक्यात होतं, खोऱ्याच्या सपाटीवर रेषाच थोड्या. घाट आणि खोरं यांतला फरक त्यांच्या बोटांना कळलेला असतो, मला वेगळं समजावावं लागत नाही.

सगळे तुकडे जोडले की जवळजवळ अडीच मीटर लांबीची पट्टी होते. उभं माप १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतलेलं असतं, त्यामुळे महाबळेश्वर १४ सेंटिमीटर उंच दिसतं. इथे एक गोष्ट मी आवर्जून करून घेते. आडवं माप १ सेंटिमीटरला ५०० मीटर आहे, म्हणजे उंची आपण पाचपट ताणली आहे. खऱ्या प्रमाणात हाच सह्याद्री केवढा दिसेल, ते त्याच पट्टीवर लाल पेननं काढा. तो जेमतेम तीन सेंटिमीटरचा निघतो. अडीच मीटर लांबीच्या कागदावर तीन सेंटिमीटरचा उंचवटा, आणि तेवढ्यानं पावसाचं हे सगळं होतं! मुलं थक्क होतात, आणि खरं सांगायचं तर दर वर्षी मीही होते. छेदाखाली ठिकाणांचे पावसाचे स्तंभ रंगवले की पट्टी भिंतीवर लागते आणि सत्र संपेपर्यंत तिथेच राहते. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही या पट्टीवर बोट ठेवून देता येतं. समुद्रावरून आलेली हवा घाटमाथ्यावर चढताना थंड होते, बरंचसं पाणी तिथेच टाकते, आणि पूर्वेकडे उतरताना पुन्हा तापते. ढग दिसतात, पण पडायला लागणारं बळ त्यांच्यात उरलेलं नसतं.

इतकं झाल्यावर मुलांना वाटतं, कळलं. माझ्या आखणीतली सगळ्यात महत्त्वाची जागा नेमकी ही आहे. मिळालेलं उत्तर जिथे अपुरं पडेल असा पुढचा प्रश्न तिथे तयार असावा लागतो. सह्याद्रीपासून लांब गेलं की पाऊस घटतो, हे पटलं ना? मग दहिवडीच्याही पुढे पूर्वेला जात राहू. सोलापूर, लातूर, नांदेड, चंद्रपूर, गडचिरोली. अंदाज लिहा. बहुतेक जण गडचिरोलीला वाळवंट करून ठेवतात. मग खरे आकडे द्यायचे. मराठवाडा ओलांडला की पाऊस पुन्हा वाढत जातो आणि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला हजार मिलिमीटरच्या बराच वर पोचतो. तिथे बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या प्रणालींचा पाऊस असतो. सह्याद्रीची सावली तिथवर पोचत नाही. हा तास मी कधीही घाईत घेत नाही. वर्गातली शांतता लांबली तरी लांबू देते.

शेतीच्या युनिटला पुन्हा तेच. पावसावरून पिकं ठरतात असं मुलांनी आता मनाशी धरलेलं असतं. मग सोलापूर जिल्हा पुढे ठेवायचा. पाऊस माणसारखाच बेताचा, आणि तरी राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना. इथे उजनी धरण येतं, कालवे येतात, पंप येतात, उसाचा भाव येतो, राजकारणही येतं. त्याला जोडून घरचं उदाहरण: कोयना. धरणाची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातलं मोठं पाणी पश्चिमेकडे वळवून पोफळीला वीज करून वाशिष्ठीत सोडलं जातं. दुसरीकडे जिहे-कठापूर योजनेत कृष्णेचं पाणी उचलून खटावच्या नेर तलावात आणि माणच्या आंधळीकडे न्यायचं. एकाच जिल्ह्यात पाणी एकीकडे डोंगर फोडून खाली सोडतात आणि दुसरीकडे वीज जाळून वर चढवतात. पाटणची आणि माणची मुलं या तासाला खरोखर भांडतात. मी दोन तास राखून ठेवते, पहिला आकड्यांचा, दुसरा भांडणाचा. आकडे आधी झाले नाहीत तर दुसऱ्या तासाला नुसताच आवाज होतो.

शेवटचं युनिट लोकसंख्येचं. स्थलांतर म्हटलं की मुलं लगेच दुष्काळ म्हणतात, आणि माण-खटावपुरतं ते पुष्कळ अंशी खरं आहे. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तिथली माणसं देशभर पांगली आहेत. पण मग जावळी आणि पाटण? जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस ज्या बाजूला, तिथल्याच गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली, गोदीत, गिरण्यांत, माथाडीत. भरपूर पाऊस असून गाव का रिकामं झालं? उताराची जमीन, एकच पीक, तुकडे तुकडे झालेली शेती, धरणाखाली गेलेली गावं. इथे मुलांना घरी विचारून यायला सांगते. आजोबा मुंबईला कोणत्या साली गेले, कोणी नेलं, परत का आले. पाटणकडच्या मुलांच्या वह्यांत ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप हमखास येतो, मी सांगितलेलं नसताना.

एवढं सगळं घ्यायचं तर काहीतरी सोडावं लागतं. खनिजांच्या आणि उद्योगांच्या याद्या मी वर्गात घेत नाही. त्यांच्या दोन पानी नोट्स देते, मुलं त्या पाठ करतात, विद्यापीठाच्या पेपरात टीप आली तर लिहितात. यावर सहकाऱ्यांचा आक्षेप असतो आणि तो मी समजू शकते. पेपर विद्यापीठ काढतं, मार्क मुलांना हवे असतात. म्हणून दर आठवड्याच्या शेवटच्या तासाची दहा मिनिटं पाच मार्कांचं उत्तर लिहून घ्यायला ठेवलेली आहेत. पण यादी वाचून दाखवण्यात वर्गाचा तास घालवणं मला मान्य नाही. जे वाचून येतं ते वाचायला द्यावं. जे चार जणांनी मिळून, नकाशा पुढ्यात घेऊन, चुकत-माकतच येतं, त्यासाठी वर्ग असतो.

घरचा अभ्यास आखतानाही मुलांचा दिवस डोळ्यापुढे ठेवावा लागतो. संध्याकाळची गाडी चुकली तर सकाळपर्यंत दुसरी नाही अशा गावांतून मुलं येतात. घरी गेल्यावर धारा काढायच्या असतात, मुलींना स्वयंपाक असतो. त्यांना शनिवारी सगळे मिळून करू असं काम देऊन चालत नाही. जोडीचं काम कॉलेजच्या वेळात, एकट्याचं काम अर्ध्या तासाचं. कासची सहल सप्टेंबरात, एस.टी.च्या प्रासंगिक करारावर, वर्गणी परवडेल एवढीच. ही सगळी जुळवाजुळव मी शिकवण्याच्या तयारीतच धरते. जे काम मुलाला करताच येणार नाही ते कितीही सुंदर आखलं तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आणि इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं मला जमतं, कारण मला कायमची नोकरी आहे आणि मे महिन्यात पुढच्या जुलैची खात्री आहे. राज्यात असंख्य प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते, पुष्कळदा ऑगस्ट उजाडतो. कोणता पेपर मिळणार हे आदल्या दिवशी कळतं. मानधन वर्गात उभं राहिलेल्या तासाचं. त्या तासामागच्या वाचनाचं, नकाशे जमवण्याचं, वह्या तपासण्याचं काहीच नाही. अशा माणसाकडून कोर्स नीट आखण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि तरी त्यांच्यातले किती तरी जण रात्री जागून तो आखतात. शिक्षणाच्या गुणवत्तेवर कितीही बैठका घेतल्या, तरी तयारीच्या वेळाला किंमत दिल्याशिवाय त्यांतून काही निघेल असं मला वाटत नाही.

म्हणून मी माझी फाइल उघडी ठेवते. प्रश्नांची साखळी, आकड्यांचे तक्ते, कोणत्या तासाला काय फसलं आणि काय जमलं याच्या नोंदी, सगळं. दुसऱ्या तुकडीला शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या सहकारी रत्नागिरीकडच्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांना ती फाइल दिली. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, “मॅडम, जावळीचा प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या आधी कोकण घ्या ना. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर येतो. मुलांना विचारा, गेलं कुठे पाणी?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या साखळीत नव्हता, आणि तो असायलाच हवा. जांभा, तीव्र उतार, आखूड नद्या, साठवणीचा अभाव, सगळं एका प्रश्नात येतं, आणि सोलापूरच्या बरोबर उलटं उदाहरण मिळतं. तो उजनीच्या लगेच नंतर घ्यायचा असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. दोन तास लागतील. ते कुठून काढायचे यावर अजून बोलणं चाललंय. त्यांचं म्हणणं भांडणाचा तास अर्धा करा, माझं म्हणणं, वर्गात घेतो त्या औद्योगिक पट्ट्यांतलाही एक पट्टा नोट्समध्ये ढकला. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाइमटेबल लागेल, त्याआधी ठरवायला हवं.